सहा महिन्यांची शिल्लक आणि बाळंतपण: सरकारी की खासगी?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाचवा महिना, पहिलंच बाळंतपण. सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक गाठीला. दहा मिनिटांवरच्या छोट्या खासगी प्रसूतिगृहाने नॉर्मल डिलिव्हरीचं जे पॅकेज सांगितलंय, ते तुमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढं. सिझेरियनचं साडेतीन महिन्यांएवढं. अर्ध्या तासावर वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय, तिथे खर्च नाममात्र. विमा आहे, पण त्यातलं मातृत्वाचं कलम लागू व्हायला अजून वर्ष आहे. घरचे म्हणतात, पैसे आहेत तर सरकारीत कशाला? आणि तुम्हाला ठरवता येत नाहीये.

ताई, माझं मत आधीच सांगतो: नाव सरकारी रुग्णालयात नोंदवा. का, ते आता सांगतो.

घरचे दोन महिन्यांचा खर्च आणि शून्य अशी तुलना करतायत. पण पॅकेज हा सगळं सुरळीत झालं तरचा भाव असतो. सगळ्या जगाचा विचार केला तर साधारण पाचात एक बाळंतपण सिझेरियनने होतं आणि दहात एक बाळ सदतीस आठवडे भरण्याआधीच येतं. 2018 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात खासगी ठिकाणी सिझेरियनचं प्रमाण सरकारीच्या सुमारे 1.6 पट दिसलं होतं. खासगीतलं प्रत्येक सिझेरियन विनाकारण असतं असा याचा अर्थ नाही. पण तुम्ही पैसे बाजूला काढताना आकडा साडेतीनचा धरायला हवा, दोनचा नाही.

माझ्या बहिणीच्या वेळचं बिल मी स्वतः चुकतं केलंय. पॅकेजच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात ‘गुंतागुंत वगळून’ एवढंच होतं. बिलात मात्र भूलतज्ज्ञ वेगळा, बालरोगतज्ज्ञाची हजेरी वेगळी, हातमोज्यांपासून सलाईनच्या नळीपर्यंत सगळं वेगळं. खोली वरच्या दर्जाची घेतली म्हणून डॉक्टरांची फीसुद्धा चढलेली. बाळाला कावीळ झाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, त्याचं तर स्वतंत्र बिल. काउंटरवर उभं राहून मी ते पान उलटसुलट करत होतो आणि आत बहीण विचारत होती, ‘सोडतायत का आज?’

आता तुमचा हिशेब. तुम्ही घरून अकाउंट्सची कामं करता. काम बंद की पैसे बंद. घरखर्चाचा तिसरा हिस्सा तुमच्या कमाईतून जातो, म्हणजे सहा महिने थांबलात तर दोन महिन्यांच्या खर्चाएवढी खोट आधीच ठरलेली. खासगीत नॉर्मल झालं तर वरचे दोन, एकूण चार, हातात दोन उरतात. सिझेरियन झालं तर उरतो जेमतेम अर्धा. आणि बाळाला दहा दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर? तुम्ही विचारून आणलेल्या दराने अडीच दिवसांत एक महिन्याचा घरखर्च जातो. म्हणजे आणखी चार. एकूण साडेनऊ. गाठीला आहेत सहा. सरकारीत औषधं, येणं-जाणं, सोबतच्या माणसाचं जेवणखाण धरून मी अर्धा महिना धरतो. अगदी अवघड प्रसंगातही तीन-साडेतीन महिने हातात राहतात.

पैशांपलीकडचीही एक गोष्ट आहे. तुम्ही लिहिलंय त्या प्रसूतिगृहात रक्तपेढी नाही, नवजात बाळांचा अतिदक्षता विभागही नाही. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभर मातामृत्यूंचं एक प्रमुख कारण आहे, आणि तो कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. अशा वेळी छोटी ठिकाणं मोठ्या रुग्णालयात पाठवतात. बऱ्याचदा त्याच सरकारी रुग्णालयात. मग पॅकेजही भरलेलं, वाटेतली वेळही गेलेली, आणि तिथे तुमचा केस पेपरही नाही.

तुमची भीती मला कळते. ‘तिथे ओरडतात, गर्दी असते, एका खाटेवर दोघी’ हे तुम्ही ऐकलंय, आणि बाईने कळा सोसत अपमानही सोसावा असं मी कधीच म्हणणार नाही. म्हणून एकदा स्वतः जाऊन वॉर्ड बघून या. लेबर रूममध्ये आपल्या पसंतीचं एक माणूस सोबत राहू देतात का, विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा सोबतीची शिफारस केलेली आहे, आणि सोबत असली की नॉर्मल होण्याची शक्यता वाढते असं अभ्यासांतून दिसलंय. तिथे सोबतीला साफ नकार असेल आणि खाटांची खरंच तशी अवस्था असेल, तर माझं मत बदलेल. पण तेव्हाही या प्रसूतिगृहाकडे वळू नका. रक्त आणि बाळांचा विभाग एकाच छताखाली असलेलं खासगी रुग्णालय शोधा, साधी खोली घ्या आणि सिझेरियनचा अंदाज लेखी मागा.

तपासण्यांसाठी सध्याच्या खासगी डॉक्टरांकडे जात राहिलात तरी हरकत नाही, तो खर्च झेपणारा आहे. फक्त सरकारीतल्या तपासण्या चुकवू नका आणि दोन्हीकडचे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये ठेवा. आता घाईने नवी विमा पॉलिसी घेऊ नका, राहिलेल्या गरोदरपणाला ती सहसा लागू होत नाही. मात्र असलेल्या पॉलिसीत बाळाचं नाव जन्मानंतर किती दिवसांत घालायचं, हे कंपनीला आजच विचारा.

शिल्लकीतल्या एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम बचत खात्यात मोकळी ठेवा, रात्री दोन वाजता काढता येईल अशी. बाकीचे पाच महिने मुदत ठेवीत, पण एकाच पावतीत नको. प्रत्येक महिन्याची वेगळी पावती करा, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्या शाबूत राहतील.