ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले दिवे का घालवतात, आणि तयारी कशी करायची?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या लहान चर्चमध्ये यंदा पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, जागरणाची तयारी तुम्हा तरुणांकडे आलीय, म्हणून विचारलंत. आधी अर्थ सांगतो, कारण तयारी त्यावरच ठरते.

शुक्रवारी येशू मेला, शनिवारभर तो कबरीत आहे. मरण झालंच नाही असं आपली श्रद्धा म्हणत नाही. मेलेल्याला देवाने उठवलं, म्हणते. म्हणून अंधारही खरा हवा. पूर्वी हा विधी शनिवारी सकाळी, भर उन्हात उरकत. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी रात्रीची मुभा दिली, पुढे तोच नियम झाला. एप्रिलात आपल्याकडे साडेसातच्या आधी सुरू करू नका.

दिवे बटणांनीच घालवा. मेन स्विच पाडलात तर इमर्जन्सी दिवे आपोआप लागतात आणि सगळा विधी फसतो. पंखेही बंद, नाहीतर ज्योती टिकणार नाहीत.

पास्काची मोठी मेणबत्ती जिच्यावर पेटवतात ती आग बाहेर, रुंद मातीच्या शेगडीत. सुकी करवंटी, सोडणं, थोडा कापूर; रॉकेल नको, भडका फादरांच्या झग्यापर्यंत जातो. संध्याकाळी वळीव कोसळतोच, तेव्हा सरपण दुपारीच आत ठेवा.

पास्काची मेणबत्ती दरवर्षी नवी आणि मेणाचीच. तेलाची नळी घातलेली नकली चालत नाही. तिच्यावर क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीकमधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), मध्ये चालू सालाचे चार आकडे, आणि धुपाचे पाच खडे, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. खड्यांची भोकं आदल्या दिवशी तापलेल्या सुईने पाडून ठेवा. ऐनवेळी दाबलं तर मेण तडकतं. वातीवरचं मेणही खरवडून ठेवा, नवी वात लवकर धरत नाही.

पेटलेली मेणबत्ती घेऊन चर्चमध्ये जाताना मिरवणुकीत 'ख्रिस्ताचा प्रकाश' तीनदा गातात, लोक 'देवाला धन्यवाद' म्हणतात. दुसऱ्यांदा गायल्यावर ज्योत लोकांच्या मेणबत्त्यांवर येते. पेटलेली सरळ धरायची, न पेटलेली वाकवायची. उलट केलं की मेण पुढच्या बाईच्या पदरावर. तिसऱ्यांदा गाऊन झाल्यावर दिवे लावतात, पण आल्तारावरच्या (वेदीवरच्या) मेणबत्त्या ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळीच.

बायबलच्या जुन्या करारातली वाचनं सात. कमी केली तरी किमान तीन हवीत, आणि निर्गम पुस्तकातलं समुद्र पार करण्याचं वाचन कधीच गाळत नाहीत. मराठी, कोंकणी, कन्नड अशी वाटून दिली तर कोणी रुसत नाही. बाप्तिस्म्याचं पाणी आशीर्वादताना हीच मेणबत्ती पाण्यात बुडवतात. ती ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसापर्यंत आल्ताराजवळ राहते. नंतर वर्षभर बाप्तिस्म्याला आणि अंत्यविधीला पेटवतात. म्हणून किमान तीन-साडेतीन इंच जाडीची घ्या, काटकसर इथे नको.

लहान मेणबत्त्यांना पुठ्ठ्याच्या चकत्या घाला. तरी साडीवर मेण पडलंच तर चोळू नका. सुकल्यावर खरवडा, वर-खाली कोरा कागद ठेवून मंद इस्त्री फिरवा.