मुलाला मिशिगनला ॲडमिशन मिळालीय, घरचं रटगर्स सोडून एवढे पैसे भरावेत का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, मुलाला मिशिगन युनिव्हर्सिटीत (ॲन आर्बरला) इंजिनिअरिंगला मिळालंय, आपल्या राज्याच्या रटगर्सलाही मिळालंय आणि १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचंय. आम्हीपण जर्सीचेच, २०१७ मध्ये थोरलीच्या वेळी आमची अगदी हीच घालमेल चालू होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी "एवढी मोठी युनिव्हर्सिटी, पोरगा हरवून जाईल" ही भीती काढून टाका. दोन्हीकडे ३० हजारांच्या वर अंडरग्रॅड आहेत, रटगर्स काही लहान नाही. पहिल्या वर्षाचं केमिस्ट्री, कॅल्क्युलस म्हणजे भला मोठा हॉल, शेकड्यांनी मुलं, प्रोफेसर लांब खाली आणि शंका विचारायच्या त्या टीएला (शिकवायला मदत करणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्याला), हे दोन्हीकडे सारखंच. खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि त्या पैशात मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, सीट पक्की हातात येते का याचा.

मेजरचं आधी सांगते कारण आम्ही तिथंच फसलो. मुलीला मिडवेस्टमधल्या एका मोठ्या पब्लिक युनिव्हर्सिटीत मिळालं, आम्ही पेढे वाटून मोकळे झालो. लेटरमध्ये मेजरच्या नावाआधी "प्री" असं लिहिलेलं होतं, तिकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. त्याचा अर्थ युनिव्हर्सिटीत प्रवेश आहे पण मेजरमध्ये नाही, वर्षभरानं जीपीए दाखवून परत अप्लाय करायचं. ऑक्टोबरमध्ये पहिल्या मिडटर्मनंतर रात्री अकराला तिचा फोन आला, लायब्ररीच्या जिन्यात बसली होती, म्हणाली, "आई, वर्गात चारशे जण आहेत आणि निम्म्यांना माझंच मेजर हवंय." तिला नाही मिळालं ते. दुसरं मेजर घेतलं, क्रेडिट्स जुळेनात, एक सेमिस्टर जादा लागलं, तेही आउट-ऑफ-स्टेट, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या मुलांची जादा फी भरून.

तुमच्या मुलाचं या बाबतीत बरं आहे, मिशिगनच्या इंजिनिअरिंगमध्ये मार्क ठीकठाक असले की बहुतेक मेजर आपल्याला निवडता येतात. सीएसचं (कॉम्प्युटर सायन्सचं) मात्र वेगळं, त्याला स्वतंत्र निवड असते, त्याच्या मनात सीएस असेल तर लेटरमध्ये ते नाव आहे का ते आज रात्रीच बघा.

आता पैसे. मिशिगनचं राहणं-खाणं धरून वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातं आणि तिथं तिसऱ्या वर्षापासून ट्यूशनचा दरच वरचा लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या आकड्याला चारनं गुणू नका, कमी येईल. रटगर्स इन-स्टेट (त्याच राज्यातल्यांच्या दरानं) साधारण निम्म्यात होतं. म्हणजे चार वर्षांत दीड लाखाच्या वर फरक. मुलाच्या नावावर फेडरल (केंद्र सरकारचं) लोन मिळून मिळून किती, तर पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन वर्षं ७,५००, सगळे मिळून २७ हजार. उरलेलं आईबापाच्या डोक्यावर, आणि आईवडिलांना सरकारकडून मिळणाऱ्या पॅरेंट प्लस लोनलाही जुलै २०२६ पासून वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार अशी मर्यादा आलीय, त्यापुढे प्रायव्हेट लोन. (मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर फेडरल लोनचा विषयच नाही, आणि २१ पूर्ण झाले की स्टेटस बदलावं लागतं, ते आधी वकिलाशी बोलून घ्या.)

"एक वर्ष तिथं राहिला की इन-स्टेट होईल" असं कुणीतरी सांगेलच, आम्हालाही सांगितलं होतं. शिकायला म्हणून गेलेला मुलगा, आईवडील जर्सीत, तर नाही होत, तिथं भाड्यानं घर घेतलं तरी नाही. मिशिगनची गो ब्लू गॅरंटी (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना ट्यूशन माफ करणारी योजना) ऐकली असेल, ती फक्त मिशिगनच्या रहिवाशांना. शेवटी ही राज्यांची कॉलेजं आहेत, आपल्या मुलांना आधी बघणार, नॉर्थ कॅरोलिनात चॅपल हिलच्या सरकारी युनिव्हर्सिटीत बाहेरच्या राज्यांतल्या फ्रेशमनवर (पहिल्या वर्षाच्या मुलांवर) १८ टक्क्यांची मर्यादाच आहे. मिशिगनमध्ये तशी मर्यादा नाही, जवळपास निम्मी मुलं बाहेरची, पण बाहेरच्यांना स्वस्तात घेतात असं नाही. इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीने २०१३ पासून ट्यूशन वाढवलेली नाही, बाहेरच्यांना ती २९ हजारांच्या आत बसते, तिथं अप्लाय केलं असेल तर तेही समोर ठेवा.

माझं स्पष्ट मत, पैसे साठवलेले असतील आणि लोन त्या २७ हजारांच्या आत राहत असेल तर पाठवा, मिशिगनचं इंजिनिअरिंग खरंच वरच्या दर्जाचं आहे, कंपन्या स्वतःहून तिथं येतात. माझ्या मुलीलाही तिसऱ्या वर्षी लॅबमध्ये काम मिळालं, तिथल्या पीएचडीच्या मुलांनी तिला हाताला धरून शिकवलं, ते दिवस ती अजून आठवते आणि मलाही त्याचं मोल आहे. पण त्यासाठी घरावर कर्ज काढावं लागणार असेल किंवा रिटायरमेंटच्या पैशाला हात लावावा लागणार असेल तर रटगर्स घ्या आणि पोराला कारण नीट समजावून सांगा, कागदावर आकडे मांडून, तो अठरा वर्षांचा आहे, त्याला कळतं. आम्ही मुलीला आकडे दाखवलेच नाहीत, तिला वाईट वाटेल म्हणून. चौथ्या वर्षी लोनचं स्टेटमेंट तिच्या हाती पडलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला तेव्हा का नाही विचारलंत?"