वजन उतरलं, कातडी मागे राहिली

या महिन्यातली बरीच पत्रं वजन कमी केलेल्यांची आहेत. काटा खाली आल्याचा आनंद पहिल्या ओळीत, आणि दुसऱ्या ओळीपासून लोंबणाऱ्या कातडीचं दुःख.

प्रश्न : वय ३८. चौदा महिन्यांत ९२ किलोंवरून ६४ वर आले. पण पोटाची आणि दंडाची कातडी झोळीसारखी लोंबते. तिळाचं तेल, उटणं, टायटनिंग क्रीम सगळं चालू आहे. आता मैत्रीण कोलॅजेन पावडर घे म्हणते. उपयोग होईल का? (नाशिक)

तेल चोळायला माझी ना नाही. कातडी मऊ राहील, कोरडेपणा जाईल. ती आत ओढली मात्र जाणार नाही.

जुन्या परकराचं इलॅस्टिक आठवा. वर्षानुवर्षं ताणलेलं असलं की आतले धागे तुटतात, मग कितीही धुवा, ते पूर्ववत होत नाही. त्वचेच्या आतल्या थरात असेच दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजेन बळकटी देतं, इलॅस्टिन ताणलेली त्वचा पुन्हा जागेवर आणतं. लठ्ठपणा दहा-पंधरा वर्षं राहिला तर हे तंतू तुटतात, विस्कटतात. शरीर नवं कोलॅजेन बनवत राहतं, पण मोठ्या वयात नवं चांगलं इलॅस्टिन जवळजवळ बनतच नाही. म्हणून किती किलो उतरले याइतकंच महत्त्व ते किती वर्षं अंगावर होते याला आहे. वय, धूम्रपान, ऊन, बाळंतपणं आणि आईवडिलांकडून आलेली त्वचेची जात, या गोष्टी त्यात भर घालतात.

क्रीममधलं कोलॅजेन त्या थरापर्यंत पोचतच नाही, त्याचा रेणू फार मोठा असतो. पावडर पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचते. ती महागडी प्रथिनं आहेत, एवढंच म्हणेन. त्या पैशात महिनाभराची अंडी, पनीर आणि मटकी येईल. तुमच्या जागी मी वजन आहे तिथे टिकवून निदान वर्षभर थांबलो असतो. वजन स्थिरावल्यावरही त्वचा काही महिने थोडी थोडी आकसत राहते.

प्रश्न : वय २६, जिममध्ये २० किलो घटवले. छाती आणि पोट अजून लुळं आहे. व्यायाम वाढवला तर घट्ट होईल का? (नागपूर)

आधी उभं राहून बेंबीखालची कातडी चिमटीत धरून पाहा. पातळ, सुरकुतलेली घडी हाताला आली तर ती सुटलेली कातडी. दोन बोटं जाड वळी आली तर आत अजून चरबी आहे. तुमच्या वयाच्या बऱ्याच मुलांना ज्याला ते कातडी म्हणतात ती निम्मी चरबीच असते, आणि ही बातमी चांगली आहे, कारण ती अजून उतरू शकते.

व्यायामाने कातडी घट्ट होत नाही. स्नायू वाढले की ती आतून थोडी भरते, दंड-मांड्यांना त्याचा फायदा दिसतो. तेव्हा नुसतं ट्रेडमिलवर धावू नका, वजनं उचला. छातीचं वेगळं बघावं लागेल. स्तनाग्रामागे टणक चकतीसारखं लागत असेल तर ती ग्रंथी असू शकते आणि ती कुठल्याही बेंचप्रेसने जात नाही. एकदा सर्जनला दाखवा.

प्रश्न : वय ४६. आठ महिन्यांपूर्वी बॅरिॲट्रिक (वजन उतरवण्यासाठी जठराचं) ऑपरेशन झालं, ३५ किलो कमी झालं. पोटाच्या घडीखाली सतत लाल होतं, खाजतं, वास येतो. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. पोटाची कातडी आताच काढून टाकावी का? (कोल्हापूर)

आधी ते मलम बंद करा. दुकानात मागितल्याबरोबर मिळणाऱ्या अशा मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर पुष्कळदा स्टिरॉइडही असतं. खाज लगेच थांबते म्हणून लोकांना ते जादूचं वाटतं. पण त्याने त्वचा पातळ होते आणि बुरशी दबून राहते, मग गजकर्ण असेल तर ते पसरतं. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, रक्तातली साखरही तपासा. आंघोळीनंतर घडीतली जागा टिपून पूर्ण कोरडी करा आणि घडीत मऊ सुती कापडाची पट्टी ठेवा. टाल्कम पावडर नको, घामात तिचा लगदा होतो.

ऑपरेशन आत्ता नाही. तुमचं वजन अजून उतरतंय. आज कातडी काढली आणि पुढे दहा किलो गेले, तर पुन्हा लोंबेल. बॅरिॲट्रिकनंतर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्यावेत आणि शेवटचे सहा महिने तरी वजन एका जागी असावं. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि प्रथिनं हे त्याहून महत्त्वाचं. बॅरिॲट्रिकनंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, म्हणजे हिशोब तुमच्या लक्षात येईल. ही तयारी न करता आलेल्या पेशंटची जखम उसवते, आत पाणी साठतं. घरात कुणी तंबाखू-मिश्री लावत असेल आणि त्यात तुम्हीही असाल, तर ऑपरेशनआधी निदान महिनाभर आणि नंतरही पूर्ण बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांच्या कडांना रक्त पोचत नाही आणि कातडी काळी पडते.

प्रश्न : कातडी घट्ट करण्यासाठी हायफू (ध्वनिलहरी) किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीचं (रेडिओलहरी) सहा सिटिंगचं पॅकेज घेऊ का? (ठाणे)

जबड्याखाली किंवा दंडावर किंचित सैलपणा असेल तर थोडा फरक दिसू शकतो. कंबरेवर घडी पडत असेल तर नाही. लायपोसक्शनही नको. ते चरबी काढतं, कातडी नाही, आणि आतला भराव गेला की पोट आणखी लोंबतं.

प्रश्न : पोटाच्या कातडीचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसतं का? (पुणे)

बहुतेक वेळा नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याचा थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी लागणारे उपचार हे अपवाद, तेही डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं तर. घडीत वारंवार संसर्ग होत असेल तर प्रत्येक वेळची चिठ्ठी आणि तारखेसह फोटो जपून ठेवा. आणि ऑपरेशनआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. एजंटच्या तोंडच्या ‘होईल हो मॅडम’वर जाऊ नका.

प्रश्न : मे महिन्यात मुलीचं लग्न आहे, तीन महिने हातात आहेत. दंडाचं ऑपरेशन करून घेऊ का? (सांगली)

व्रण कुठे येतो ते आधी ऐका. काखेपासून कोपरापर्यंत, दंडाच्या आतल्या बाजूने. तीन महिन्यांनी तो सगळ्यात लाल आणि उठावदार असतो, फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तो काळपट किंवा जाडही होऊ शकतो. कान टोचलेल्या जागी गाठ आली असेल तर सर्जनला ते आवर्जून सांगा. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे दाबपट्टी घालायची, जड काही उचलायचं नाही. लग्नघरात ते कोण पाळू देणार?

लग्नानंतर निवांत या. तोवर लांब बाह्यांचं ब्लाऊज शिवायला टाका, आणि आत्ताच टाका. लग्नसराई सुरू झाली की टेलर माप घ्यायलाही भेटत नाही.