चवथीच्या आदल्या संध्याकाळी आलेला ईमेल

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मी खाणीवर ट्रक चालवायचो, आता मिळेल ते भाडं मारतो. मुलीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या फेरीत जागा मिळाली. कॉलेजचा ईमेल चवथीच्या आदल्या संध्याकाळी आला, घरात गणपतीवरची माटोळी (फळा-पानांची सजावट) बांधणं चाललं होतं. सुट्ट्या संपल्यावर चार दिवसांत पूर्ण फी भरा, असं त्यात आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत मात्र त्याआधीच आठ दिवस संपलेली. बँक म्हणते, पाच लाखांच्या कर्जाला घर तारण द्या. घर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत, आम्ही मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारे. कोर्टात जावं का?

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या पत्रात दोन मुदतींची गल्लत झाली आहे. शिष्यवृत्तीची मुदत टळली तरी तिच्यासाठी भांडता येतं. फीची टळली तर जागा पुढच्या नंबराला जाते, मग शिष्यवृत्ती मिळून लावणार कुठे?

तेव्हा पहिला अर्ज प्राचार्यांना. मुलगी १८ वर्षांची झाली असेल तर तिच्याच सहीने. आत्ता जमतील तेवढे पैसे घ्या, बाकीचे हप्त्यांनी भरू, हप्त्यांच्या तारखा या, एवढंच लिहा. गरिबीची कहाणी दोन ओळींत आटपा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. खिडकीतला माणूस ‘ठेवून जा, साहेब बघतील’ म्हणेल. शिक्का पडेपर्यंत खिडकी सोडू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांच्या हातात फक्त ‘ते फोनवर हो म्हणाले होते’ एवढंच असतं, आणि त्यावर याचिका उभी राहत नाही.

२०२४ साली आयआयटी धनबादला जागा मिळालेल्या एका मजुराच्या मुलाची १७,५०० रुपये भरण्याची मुदत काही मिनिटांनी हुकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबरला त्याला प्रवेश द्यायला लावला. हा निकाल लोक मला व्हॉट्सअॅपवर पाठवतात. पण तो घटनेच्या कलम १४२ खाली, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याच्या अधिकारात झाला. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या पर्वरीच्या खंडपीठाला नाही. शिवाय तिथवर पोचायला त्या पोराला तीन महिने दारं ठोठवावी लागली. त्या भरवशावर फी थांबवू नका.

आता शिष्यवृत्ती. अर्जात ‘उशीर माफ करा’ असं लिहू नका. लिमिटेशन कायद्याच्या कलम ५ मधली विलंबमाफी कोर्टातल्या अपील-अर्जांसाठी आहे, सरकारी योजनेच्या पोर्टलला ती लागत नाही. आणि मुळात उशीर तुमचा नाहीच. प्रवेश झाल्याशिवाय अर्ज करता येत नव्हता, आणि प्रवेश मिळाला तो मुदत संपल्यावर. जे करणं अशक्य होतं ते केलं नाही म्हणून कायदा कुणाला शिक्षा करत नाही. पहिल्या फेरीतल्या मुलाला संधी आणि शेवटच्या फेरीतल्या मुलीला दार बंद, हे घटनेच्या कलम १४ मधल्या समानतेत बसत नाही, हाच मुद्दा धरा. योजना चालवणाऱ्या खात्याच्या संचालकांना तसं लिहा, ईमेलची तारीख आणि वेळ दिसेल अशी प्रिंट जोडा, आणि नकार द्यायचाच असेल तर कारणांसह लेखी द्या, अशी शेवटची ओळ घाला. तो कागद हातात आला की घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येईल. त्याआधी गेलात तर न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न असेल, ‘खात्याकडे अर्ज केला होता का?’

वकिलाच्या फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ स्त्रियांना मोफत वकील देतं, उत्पन्नाची अट न घालता. म्हणूनही याचिका मुलीच्या नावाने हवी.

बँकेचं म्हणणं मात्र मला पटत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्र सरकारच्या पतहमी निधीचं कवच आहे. त्याखाली तारणही लागत नाही आणि त्रयस्थ जामीनही. सहकर्जदार म्हणून तुमची सही मागतील, ती द्या. घराखालची जमीन तुम्ही मुंडकार कायद्याखाली विकत घेतलेली नसेल, तर ती तुमच्या नावावर नाहीच. गहाण काय टाकणार? (स्वतःचं घर असलेल्यांचंही आपल्याकडे सोपं नसतं. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून बायकोची सही. वडिलोपार्जित असेल आणि इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टामार्फतची वाटणी) झाली नसेल, तर मुंबईच्या आतेचीसुद्धा.) मॅनेजर तारणावर अडून बसले तर अर्ज लेखी नाकारायला सांगा. बहुतेक जण तिथेच नरम येतात. नाही आले तर बँकेच्या वरच्या कार्यालयात तक्रार, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

बँकेच्या आधी पर्वरीला गोवा शिक्षण विकास महामंडळात जाऊन या. गोमंतकीय मुलांसाठी तिथे बिनव्याजी कर्जाची योजना आहे. रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला लागेल, तेव्हा मामलेदाराकडे दोन्हींचे अर्ज आधीच टाकून ठेवा. मूळ गुणपत्रिका कॉलेजात पडताळणीला दाखवा, पण ठेवून येऊ नका. त्या बँकेलाही दाखवाव्या लागतील.