लिगुरियन ही इटालियनची बोली आहे की वेगळी भाषा? आणि तिचे मूळ भाषक खरंच पाच लाख आहेत का?

पहिला भाग सोपा आहे, तो आधी उरकतो. लिगुरियन इटालियनमधून निघालेली नाही. दोघी लॅटिनच्याच लेकी. एक तोस्कानात वाढली, दुसरी इटलीच्या वायव्येला, लिगुरियात, जेनोआच्या किनाऱ्यावर. भाषाशास्त्रज्ञ ला स्पेत्सिया ते रिमिनी अशी एक रेघ ओढतात. तिच्या उत्तरेकडच्या भाषा अनेक बाबतींत फ्रेंचच्या जवळ जातात, आणि रेघेचं पश्चिम टोक लिगुरियातच आहे. मी इटालियन शिकलो आहे, तरी जेनोईज, म्हणजे जेनोआची लिगुरियन, ऐकताना कान अडखळतात: 'प्यात्सा'ची (चौक) 'च्यास्सा' होते, 'ब्यांको'चा (पांढरा) 'जांकू'. बाराव्या शतकाच्या अखेरीस रँबो द व्हाकेरास या त्रुबादूर कवीने एक संवादकाव्य रचलं. त्यात तो प्रोव्हाँसालमध्ये, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेत, प्रेमाची याचना करतो आणि जेनोआची बाई त्याला अस्सल जेनोईजमध्ये झाडते. (रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लिगुर लोकांची भाषा निराळी. नाव एकच म्हणून पुष्कळांची गल्लत होते.)

आता आकडा. पाच लाख हा आकडा सगळीकडे फिरतो, पण माझा त्यावर फारसा भरवसा नाही. इटलीची सांख्यिकी संस्था नमुना पाहणीत विचारते ते एवढंच, की घरी इटालियन बोलता की 'दियालेत्तो', म्हणजे बोली. कुठली बोली, हे त्यात येत नाही. विसाव्या शतकात जेनोआच्या गोदीत आणि कारखान्यांत कामाला दक्षिणेतून हजारो कुटुंबं आली. त्यांच्या घरातली बोली कालाब्रियाची किंवा सिसिलीची असू शकते. उलट, मित्रांशी जेनोईज बोलणारे आजोबा नातवाशी इटालियनच बोलतात. नातवाला कळतं सगळं, पण तोंडात उरतो तो 'बेलिन' हा एक शब्द, आणि तो काही सभ्य नाही. या नातवाला भाषक म्हणायचं का, यावर आकडा लाखाने वरखाली होतो.

खरी गंमत मात्र कायद्याने केली. 1999च्या 482 क्रमांकाच्या कायद्याने इटलीने बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिलं. यादीत ऑक्सितान आहे, सार्डिनिया बेटाची सार्ड आहे, लिगुरियन नाही. आपल्या आठव्या अनुसूचीसारखंच: यादीत नाव आलं की पाट्या, शाळा, निधी. कुठलं गाव कुठल्या भाषेचं हे ठरवण्याची मागणी गावाकडूनच होते. पंधरा टक्के मतदार किंवा एक तृतीयांश नगरसेवक पुरतात. मग फ्रान्सच्या सीमेलगतच्या ओलिवेत्ता सान मिकेले आणि त्रियोरा या डोंगरी गावांनी आपण ऑक्सितान असल्याचं जाहीर केलं. तिथल्या बोलींत प्रोव्हाँसालशी जुळणाऱ्या काही खुणा आहेत, हे खरं. पण फिओरेंत्सो तोझो यांच्यासारख्या अभ्यासकांनी ठामपणे मांडलं की या बोली लिगुरियनच्याच डोंगरी शाखेच्या आहेत. मला तोझोंचं पटतं. मात्र गावकऱ्यांना लबाड ठरवायला मी तयार नाही; यादीच अशी केली तर माणसं दुसरं काय करणार?

याच कायद्याची उलटी बाजू सार्डिनियाजवळ दिसते. सोळाव्या शतकात जेनोआशेजारच्या पेल्यी गावचे लोक जेनोआच्या लोमेल्लिनी घराण्यासाठी पोवळी काढायला ट्युनिशियाच्या ताबार्का बेटावर गेले. दोन शतकांनी, 1738मध्ये, त्यांतली बरीच कुटुंबं सान पिएत्रो बेटावर आली आणि त्यांनी कार्लोफोर्ते वसवलं. पुढे शेजारच्या बेटावर कालासेत्ताही उभं राहिलं. तिथे आजही 'ताबार्कीनो', म्हणजे त्यांची लिगुरियन, बाजारात, बंदरावर, घरात चालते, आणि मुलंही बोलतात. लिगुरियन सर्वांत जिवंत कुठे, असं विचाराल तर मी जेनोआ नाही, कार्लोफोर्ते सांगेन. सार्डिनिया प्रदेशाच्या 1997च्या कायद्यात ताबार्कीनोचं नाव आहे. देशाच्या कायद्यात नाही.

जेनोआची माणसं जिथे गेली तिथे भाषा गेली, पण टिकली क्वचित. कोर्सिकातल्या बोनिफाचोत थोडे म्हातारे उरलेत. स्पेनमधल्या नुएव्हा ताबार्का बेटावर आडनावं राहिली, भाषा गेली. ब्वेनोस आइरेसच्या बोका ज्युनियर्स या फुटबॉल संघाचे चाहते स्वतःला 'शेनेइसे', म्हणजे जेनोआकर म्हणवतात, पण बोलतात स्पॅनिश.

आणि मोनॅको. तिथली मोनेगास्क ही लिगुरियनचीच शाखा. 1976पासून ती शाळेत सक्तीची आहे, राष्ट्रगीतही तिच्यात आहे. शिकलेली मुलं भरपूर, आईच्या तोंडून शिकलेली जवळपास कोणी नाहीत. या मुलांना मी मूळ भाषकांत धरत नाही. अजून वीस वर्षांनी त्यांच्यातल्या कुणी आपल्या पोराला मोनेगास्कमध्ये रागावलं, तर त्या पोराला मात्र नक्की धरेन.