नव्या आशाताईसाठी: कोणाचं काम कुठवर

अगं, महिनाभरात गावातलं कोणीतरी म्हणेलच, "ताई, एवढं इंजेक्शन तूच दे." ठामपणे नाही म्हण. लस, इंजेक्शन हे सिस्टरचं काम. तुझ्या किटमधलं ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या प्रशिक्षणात शिकवलं तशाच दे. उपकेंद्रातले सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बीपी, शुगर तपासतात. पण कोणाच्या गोळ्या बदलायच्या तर ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

जीव ओतायचा तो बाळंतिणीच्या घरी. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्याच दिवशीसुद्धा. वजन, तापमान लिही आणि बाळ अंगावर पितंय का ते समोर बसून बघ. सासूबाई "पितंय की" म्हणाल्या, तरी बघ. बाळ दूध ओढत नसेल, गार पडलं असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर औषध शोधत बसू नकोस. सिस्टरचा फोन लागला नाही तर थांबायचं नाही, आधी 102 किंवा 108 ची गाडी. तुझ्या नोंदी सोबत दे, आणि बाळाला आईच्या छातीशी धरून, नीट गुंडाळून न्यायला सांग.