'राइट-इन कँडिडेट' मराठीत कसा लिहावा?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या निवडणुकीच्या बातमीत 'राइट-इन कँडिडेट' आला, तर मराठीत काय लिहायचे? विचारणाऱ्याने 'लिखित उमेदवार' आणि 'अपक्ष' असे दोन पर्याय सुचवले आहेत.

माझ्या मते दोन्ही नकोत. 'लिखित' म्हटले की परीक्षा आठवते, लिखित आणि तोंडी. 'अपक्ष' तर सरळ चूक. अपक्षाला पक्ष नसतो, पण त्याचे नाव मतपत्रिकेवर छापलेले असते, चिन्हही मिळते. राइट-इनचे नेमके उलटे: पक्ष असो वा नसो, नाव छापलेले नसते. मतदार कोऱ्या ओळीवर स्वतःच्या हाताने ते लिहितो. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की २०१० साली रिपब्लिकन पक्षाच्याच विद्यमान सिनेटर होत्या. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत हरल्या, मग या मार्गाने उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. त्यांना अपक्ष म्हणणार कसे? आडनाव लिहायला अवघड, म्हणून प्रचारात नाव छापलेले मनगटपट्टे वाटले होते. स्पेलिंग चुकलेली मते बाद करा, म्हणून प्रतिस्पर्धी जो मिलर कोर्टात गेले. मतदाराला कोण हवे हे कळत असेल तर मत धरा, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

आपल्याकडे याला रुळलेला शब्द नाही, कारण ही सोयच नाही. उलट, मतदार ओळखता येईल अशी खूण किंवा मजकूर मतपत्रिकेवर असेल तर १९६१च्या निवडणूक नियमांप्रमाणे मत बाद होते. पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रम हाताने लिहायचा असतो, पण तोही केंद्रावर दिलेल्या पेननेच आणि आकड्यांतच. '१' ऐवजी 'एक' लिहिले की मत गेले, आणि तिथले मतदार पदवीधर असतात!

'यादीबाहेरचा उमेदवार' हा पर्याय मला आधी बरा वाटला होता. पण निवडणुकीच्या दिवसांत 'यादी' म्हणजे मतदारयादी. 'यादीत नाव नाही' ही तक्रार मतदाराची असते, उमेदवाराची नव्हे. म्हणून मी 'मतपत्रिकेबाहेरचा उमेदवार' म्हणेन. मताबद्दल बोलायचे असेल तर 'नाव लिहून दिलेले मत'. लांब आहे, पण पहिल्याच वाचनात कळते. मथळ्यात जागा नसेल तर 'राइट-इन' ठेवावे आणि पहिल्या परिच्छेदात उलगडावे. 'हस्तलिखित उमेदवार' मात्र कृपया नको, तो पोथीतून आल्यासारखा वाटतो.

'कोणाचेही नाव लिहिता येते' असे सरसकट लिहू नका. नियम राज्याराज्यांत वेगळे. बऱ्याच राज्यांत अशा उमेदवारालाही आधी नोंद करावी लागते. नोंद नसलेल्याच्या नावावरची मते त्याच्या खात्यात पडत नाहीत. हौसेने मिकी माऊसला मत देणारे तिथे असतात, ती मते अशीच वाया जातात. हवाई राज्यात तर ही सोयच नाही, आणि तिथली बंदी १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बर्डिक विरुद्ध ताकुशी' खटल्यात वैध ठरवली.

याच प्रश्नात 'बटरफ्लाय बॅलट'ही विचारले आहे. तिथे 'फुलपाखरी मतपत्रिका' खुशाल लिहा. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत नावे समोरासमोरच्या दोन पानांवर होती आणि मत देण्यासाठी पाडायची भोके मधल्या पट्टीत. डाव्या पानावर डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांचे नाव दुसरे, पण त्यांचे भोक तिसरे. दुसरे भोक उजव्या पानावरच्या रिफॉर्म पक्षाच्या पॅट ब्यूकॅनन यांचे. कित्येकांनी चुकून तेच पाडले, काहींनी दोन्ही पाडली. गोर यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांनी ते राज्य ५३७ मतांनी जिंकले. बातमीत ही रचना एका वाक्यात सांगावीच लागेल, नाहीतर वाचक मतपत्रिकेवर फुलपाखराचे चित्र शोधत बसेल.